व्हीएम होस्टची मेमरी कुठे जाते? हिशेब लावून शोधण्याची पद्धत

सर्व्हरला ६४ जीबी रॅम आहे, त्यावरच्या सगळ्या व्हर्च्युअल मशीनना (व्हीएमना) मिळून ३२ जीबी दिलेली आहे, आणि तरीही पॅनेलवर मेमरीचा वापर ९५ टक्के दिसतोय. व्हीएम सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. मग घाईघाईत एखादी व्हीएम बंद केली जाते, होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात तो सर्व्हर) रीबूट होतो, नाहीतर सरळ नव्या रॅमची ऑर्डर जाते. रीबूटनंतर आकडा खाली येतो आणि काही दिवसांत पुन्हा तिथेच पोचतो, कारण मूळ प्रश्नाला कुणी हातच लावलेला नसतो: ही मेमरी कुणाच्या ताब्यात आहे, आणि गरज पडली तर तो ती सोडेल का?

पुढची पद्धत लिनक्सवरच्या केव्हीएम होस्टसाठी आहे, मग तो प्रॉक्समॉक्सचा असो की लिबव्हर्ट वापरून उभा केलेला. (केव्हीएम ही लिनक्स कर्नलमधली व्हीएम चालवण्याची सोय; प्रॉक्समॉक्स आणि लिबव्हर्ट ही व्हीएम सांभाळण्याची साधनं.) कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

आधी बघा, त्रास खरंच होतोय का

‘फ्री -एच’ ही कमांड चालवा आणि ‘फ्री’ नावाचा रकाना सोडून ‘अव्हेलेबल’ हा रकाना वाचा. लिनक्स मोकळी रॅम नुसती पडू देत नाही, तिच्यात फाइलींचा कॅशे भरून ठेवतं. त्यामुळे ‘फ्री’ कमी असणं हे नेहमीचंच. नव्या प्रोग्रामला स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) न वापरता किती मेमरी मिळू शकेल, याचा कर्नलचा अंदाज ‘अव्हेलेबल’मध्ये असतो. हा अंदाज कर्नल ३.१४ पासून मिळतो. पण झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल तर तोही पुरता खरा नसतो; त्याबद्दल पुढे.

मग ‘व्हीएमस्टॅट १’ चालू करून मिनिटभर ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने बघत बसा. पहिला स्वॅपमधून आत येणारी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) दाखवतो, दुसरा बाहेर जाणारी. दोन्ही शून्याच्या आसपास असतील तर स्वॅपमध्ये २ जीबी पडलेले दिसले तरी काळजीचं कारण नाही. कधीतरी बाहेर टाकलेली आणि नंतर कुणी न मागितलेली ती पानं आहेत. दोन्ही रकाने सतत हलत असतील तर मात्र होस्ट खरोखर धापा टाकतोय.

माझा सगळ्यात जास्त विश्वास ‘/प्रॉक/प्रेशर/मेमरी’ या फाइलवर आहे. कर्नल ४.२० पासून ती उपलब्ध आहे, पण अजूनही फार थोडे लोक ती उघडतात. तिच्यात ‘सम’ आणि ‘फुल’ अशा दोन ओळी असतात. मेमरीसाठी किमान एका कामाला थांबावं लागलं असा वेळ किती टक्के होता, हे ‘सम’ सांगते. एकही काम पुढे सरकलं नाही असा वेळ ‘फुल’ सांगते. प्रत्येकीत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांची सरासरी मिळते. वापर ९५ टक्के आणि हे सगळे आकडे शून्य, असं असेल तर तुमच्याकडे हिशेब लावायला निवांत वेळ आहे.

शेवटी कर्नलचा लॉग: ‘जर्नलसीटीएल -के’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. ओळ सापडली तर तिच्या आसपास ‘कन्स्ट्रेंट’ हा शब्दही बघा. ‘कन्स्ट्रेंट_नन’ म्हणजे सगळ्या होस्टचीच मेमरी संपली. ‘कन्स्ट्रेंट_मेमसीजी’ म्हणजे होस्टवर जागा होती, पण एखाद्या कंटेनरला किंवा सेवेला घातलेली मर्यादा संपली. या दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि हा फरक न पाहिल्यामुळे बराच वेळ वाया जातो.

हिशेब मांडा

आता ‘/प्रॉक/मेमइन्फो’ उघडा. त्यातले आकडे केबीमध्ये असतात. १०४८५७६ ने भागलं की जीबी मिळतात. ‘मेमटोटल’मधून या गोष्टी वजा करा: ‘मेमफ्री’, ‘बफर्स’, ‘कॅश्ड’, ‘अॅनॉनपेजेस’, ‘स्लॅब’, ‘पेजटेबल्स’, ‘कर्नलस्टॅक’, ‘परसीपीयू’ आणि ‘ह्यूजटीएलबी’. ‘शेमेम’ वेगळा धरू नका, तो ‘कॅश्ड’मध्ये आधीच मोजलेला असतो. वजाबाकीनंतर जे उरतं ते थेट कर्नलने घेतलेलं आहे आणि कोणत्याही प्रोसेसच्या नावावर दिसणार नाही. झेडएफएस असलेल्या होस्टवर हा उरलेला भाग बहुतेक वेळा मोठा निघतो.

त्याच वेळी प्रोसेसची यादी घ्या: ‘पीएस -ईओ पीआयडी,आरएसएस,कॉम --सॉर्ट=-आरएसएस’. ‘आरएसएस’ म्हणजे त्या प्रोसेसने होस्टच्या रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा. प्रत्येक व्हीएम ही होस्टच्या दृष्टीने क्यूईएमयूची (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामची) एक प्रोसेस असते. प्रॉक्समॉक्सवर तिचं नाव ‘केव्हीएम’ असं दिसतं, आणि ‘क्यूएम लिस्ट’मधल्या शेवटच्या रकान्यात कोणत्या व्हीएमचा कोणता पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ते कळतं. लिबव्हर्टवर प्रोसेसच्या कमांड ओळीतच ‘गेस्ट=’ नंतर व्हीएमचं नाव लिहिलेलं असतं.

सुरुवातीच्या ६४ जीबीच्या सर्व्हरचाच हिशेब मांडून पाहू. ‘मेमटोटल’ ६२.८ जीबी (बाकीचं फर्मवेअर आणि कर्नल सुरुवातीलाच राखून ठेवतात). ‘मेमफ्री’ २.१. सगळ्या क्यूईएमयू प्रोसेसच्या आरएसएसची बेरीज २७. कॅशे, स्लॅब आणि होस्टच्या बाकी सेवा मिळून २.७. एकूण झाले ३१.८. म्हणजे ३१ जीबीचा पत्ता अजून लागलेला नाही, आणि एकाही व्हीएमकडे बोट दाखवता येत नाही. आता ‘/प्रॉक/एसपीएल/केस्टॅट/झेडएफएस/आर्कस्टॅट्स’ या फाइलमधली ‘साइझ’ ही ओळ काढा; झेडएफएसचा वाचन-कॅशे (एआरसी) किती मोठा आहे ते ती सांगते. ती ३१ जीबीच्या आसपास निघाली की हिशेब जुळला. एआरसीचा काही भाग ‘स्लॅब’मध्येही मोजला जातो, त्यामुळे थोडाफार फरक राहणारच, दशांशाच्या मागे लागू नका.

हा कागद समोर असल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

झेडएफएसचा एआरसी

एआरसी हा झेडएफएसचा वाचन-कॅशे. लिनक्सचा नेहमीचा पेज कॅशे ‘बफ/कॅशे’ रकान्यात दिसतो आणि ‘अव्हेलेबल’मध्ये धरला जातो. एआरसी या दोन्हींत बसत नाही, त्यामुळे तो सरळ ‘वापरलेली मेमरी’ म्हणून दिसतो. तो किती वाढू शकतो हे झेडएफएसच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. जुन्या आवृत्त्यांत ही मर्यादा निम्मी रॅम होती. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नवीन इन्स्टॉलेशनमध्ये ही मर्यादा रॅमच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त १६ जीबी अशी आपोआप लावली जाते. जुनं इन्स्टॉलेशन अपग्रेड करत आणलं असेल तर हा बदल तुमच्याकडे आलेला नसणार.

दबाव आला की एआरसी आकसतो, हे खरं. पण तो हळूहळू आकसतो आणि व्हीएमला मेमरी लागते ती एकदम. १६ जीबीची व्हीएम सुरू करताना होस्टवर नावापुरतीच जागा असेल तर एआरसी मागे सरकेपर्यंत कर्नल कुणाला तरी मारून मोकळं होतं. म्हणून व्हीएम होस्टवर एआरसीला स्वतः मर्यादा घालावी. अंदाजासाठी प्रॉक्समॉक्सच्या दस्तऐवजांतला आडाखा घ्या: मूळ २ जीबी, आणि साठवणीच्या प्रत्येक टीबीमागे १ जीबी. ६ टीबीच्या पूलसाठी ८ जीबी झाले.

चालू सर्व्हरवर बदल करायचा तर ८५८९९३४५९२ हा आकडा (८ जीबीचे बाइट) ‘/सिस/मॉड्यूल/झेडएफएस/पॅरामीटर्स/झेडएफएस_आर्क_मॅक्स’ या फाइलमध्ये लिहा. कायम ठेवायचा तर ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/झेडएफएस.कॉन्फ’मध्ये ‘ऑप्शन्स झेडएफएस झेडएफएस_आर्क_मॅक्स=’ पुढे तोच आकडा टाका, आणि रूट फाइलसिस्टिम झेडएफएसवर असेल तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ चालवायला विसरू नका. ही शेवटची पायरी राहिली की रीबूटनंतर जुनी मर्यादा परत येते आणि माणूस चक्रावतो. आणखी एक खाच आहे. कमाल मर्यादा किमान मर्यादेइतकी किंवा तिच्याहून कमी ठेवली, तर झेडएफएस ती गुपचूप दुर्लक्षित करतं. किमान मर्यादा मुळात रॅमच्या बत्तिसाव्या भागाइतकी असते, म्हणजे २५६ जीबीच्या होस्टवर ८ जीबी. तिथे ८ जीबीचीच कमाल हवी असेल तर आधी ‘झेडएफएस_आर्क_मिन’ खाली आणा.

बदलानंतर लगेच आकडा पडणार नाही, थोडा वेळ द्या. आणि ‘आर्क_समरी’मध्ये हिटचं (मागितलेली माहिती कॅशेतच सापडण्याचं) प्रमाण आधी किती होतं, नंतर किती झालं, ते नक्की बघा. ते फार घसरलं आणि डिस्कवरचा भार वाढला तर मर्यादा थोडी वर न्या. व्हीएम गेस्टच्या (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) आतही स्वतःचा कॅशे ठेवतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी एआरसी लहान करूनही वेगात जाणवण्याइतका फरक पडत नाही.

व्हीएमने घेतलेली मेमरी परत का येत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. गेस्टमध्ये शिरून ‘फ्री -एच’ केलं तर १६ पैकी ३ जीबी वापरात दिसतात, आणि होस्टवर त्याच व्हीएमचा आरएसएस १६ जीबीच्या वर असतो. दोन्ही आकडे खरे आहेत.

क्यूईएमयू व्हीएमला १६ जीबीचा पत्ता देतं, पण होस्टचं प्रत्यक्ष पान खर्ची पडतं ते गेस्टने त्याला पहिल्यांदा हात लावल्यावर. गेस्ट लिनक्स असेल तर ते स्वतःच्या फाइलींचा कॅशे साठवत साठवत हळूहळू जवळजवळ सगळी पानं वापरून टाकतं. रात्री एकदा अँटीव्हायरस स्कॅन किंवा मोठा बॅकअप झाला की पुरे. नंतर गेस्टने ती पानं मोकळी केली, तरी मोकळी केल्याचं होस्टला कोण सांगणार? सांगायची सोय केलेली नसेल तर होस्टच्या लेखी ती व्हीएमचीच राहतात. विंडोज गेस्ट तर सुरू होतानाच बहुतेक सगळ्या रॅमवर शून्यं लिहितं, त्यामुळे तिथे पहिल्या दिवसापासून पूर्ण आकडा दिसतो.

सांगायच्या सोयी दोन. पहिली बलूनिंग. गेस्टमधला बलून ड्रायव्हर गेस्टकडून मेमरी मागून घेतो आणि होस्टला परत करतो. प्रॉक्समॉक्सवर किमान आणि कमाल मेमरी वेगवेगळी ठेवली, तर होस्टचा वापर ८० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर हे आपोआप सुरू होतं. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलसोबत येतो. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर आणि त्याची बलून सेवा, दोन्ही घालावं लागतं. सेवा नसेल तर आतला खरा वापर होस्टला कळत नाही. किमान आकडा ठरवताना हात सैल ठेवा. डेटाबेसच्या व्हीएममधून बलूनने मेमरी काढून घेतली की डेटाबेस स्वॅपमध्ये जातो, आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो. डेटाबेसच्या व्हीएमना मी नेहमी ठरावीक मेमरी देतो.

दुसरी सोय ‘फ्री पेज रिपोर्टिंग’ची. गेस्टमध्ये पूर्ण मोकळी झालेली पानं बलून डिव्हाइसमार्फत होस्टला कळवली जातात. यासाठी गेस्टमध्ये लिनक्स ५.७ आणि होस्टवर क्यूईएमयू ५.१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. लिबव्हर्टमध्ये ‘मेमबलून’ घटकाला ‘फ्रीपेजरिपोर्टिंग’ हा गुणधर्म ‘ऑन’ करायचा असतो. हे फार उपयोगी आहे, पण गेस्टच्या कॅशेमधली पानं मोकळी धरली जात नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेली मोकळी पानंही कळवली जात नाहीत.

ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड थेट व्हीएमला दिलं असेल तर यातलं काहीच चालत नाही. डिव्हाइसला कधीही कोणत्याही पत्त्यावर लिहिता यावं म्हणून व्हीएमची सगळी मेमरी सुरुवातीलाच खिळवून ठेवली जाते. अशा व्हीएमचा आकडा पूर्णच धरा.

आता सरळ सांगायचं तर: बहुतेक ठिकाणी खरं कारण व्हीएमना सढळ हाताने दिलेली मेमरी हेच असतं. गेस्टमधला ‘अव्हेलेबल’ आठवडाभर नोंदवा, त्यात महिनाअखेरीसारखा जास्त भाराचा दिवस येईल असं बघा, आणि सगळ्यात वाईट क्षणीही १० जीबी शिल्लक राहत असतील तर १६ ऐवजी ८ द्या. बलून, केएसएम (सारखी पानं एकत्र करणं, त्याबद्दल पुढे) वगैरे सगळ्या युक्त्यांपेक्षा हा एक बदल जास्त टिकतो.

दिलेल्यापेक्षा जास्त खाणारी व्हीएम

आरएसएस दिलेल्या मेमरीपेक्षा थोडा जास्त असणं ठीक आहे. डिस्क इमेजचे कॅशे, व्हीडिओ मेमरी, धाग्यांचे स्टॅक यांना मिळून काही शे एमबी लागतात. पण ४ जीबीची व्हीएम ७ जीबी खात असेल आणि आकडा रोज चढत असेल तर त्या प्रोसेसची ‘एसमॅप्स’ फाइल उघडा. तिच्यात दिलेल्या मेमरीइतका एक मोठा सलग भाग दिसेल, ती गेस्टची रॅम. तो बाजूला ठेवून ‘हीप’ आणि बाकीचे निनावी भाग किती आहेत ते बघा. तेच फुगलेले असतील तर गेस्टमध्ये शोधून काही हाती लागणार नाही, गळती क्यूईएमयूमध्ये किंवा त्याने वापरलेल्या साठवणीच्या लायब्ररीत आहे. क्यूईएमयू अपडेट करा आणि व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर हलवा. तिकडे नवी प्रोसेस उभी राहते, गळालेली मेमरी जुन्या प्रोसेससोबत जाते, आणि गेस्टला रीबूट करावं लागत नाही. गेस्टच्या आतून दिलेल्या रीबूटने मात्र सहसा तीच प्रोसेस चालू राहते, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही.

हिशेब न जुळण्याची बाकीची कारणं

ह्यूजपेजेस (नेहमीपेक्षा मोठ्या आकाराची पानं) राखून ठेवले असतील तर ते रिकामे असले तरी वापरात धरले जातात. ‘ह्यूजपेजेस_टोटल’ आणि ‘ह्यूजपेजेस_फ्री’ शेजारी ठेवून बघा. ह्यूजपेजेसवर चालणाऱ्या व्हीएमची रॅम आरएसएसमध्ये दिसतच नाही, ती प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये वेगळ्या ओळीत असते.

व्हर्टआयओ-एफएसने फोल्डर शेअर केलेल्या व्हीएमची मेमरी सामायिक प्रकारची असते, म्हणून ती ‘शेमेम’मध्ये आणि पर्यायाने ‘बफ/कॅशे’मध्ये मोजली जाते. पाहणाऱ्याला वाटतं कॅशे आहे, सुटेल. ती सुटत नाही. ‘शेमेम’ मोठा असेल आणि अशी व्हीएम नसेल तर ‘डीएफ -एच -टी टीएमपीएफएस’ने रॅममधल्या फाइली शोधा, ‘/टीएमपी’मध्ये पडलेली एखादी आयएसओ फाइल बरेचदा सापडते.

‘स्लॅब’ (कर्नलने स्वतःच्या नोंदींसाठी घेतलेली मेमरी) मोठा असेल तर ‘एसरिक्लेमेबल’ आणि ‘एसअनरिक्लेम’ वेगळे वाचा. पहिला गरजेला सुटतो. दुसरा दिवसेंदिवस वाढतच असेल तर ‘स्लॅबटॉप’मध्ये कोणती वस्तू वाढतेय ते टिपा आणि कर्नल अपडेट करा.

केएसएमबद्दल थोडक्यात: सारखी पानं एकत्र करून ते मेमरी वाचवतं. ‘/सिस/कर्नल/एमएम/केएसएम/पेजेस_शेअरिंग’मधल्या आकड्याला ४ केबीने गुणलं की साधारण बचत कळते. होस्ट रीबूट केल्यावर ही बचत शून्यापासून सुरू होते. म्हणून अपडेटनंतर वापर वाढलेला दिसला तर नव्या कर्नलला दोष देण्याआधी एक दिवस थांबा. वेगवेगळ्या ग्राहकांच्या व्हीएम एकाच होस्टवर असतील तर केएसएम बंद ठेवलेलंच बरं, कारण सामायिक पानांवरून दुसऱ्या व्हीएममधल्या मजकुराचा अंदाज बांधण्याचे हल्ले शक्य आहेत.

दोन सॉकेटचा सर्व्हर असेल तर ‘न्यूमास्टॅट -एम’ही चालवा. एका नोडची (एका सॉकेटला जोडलेली) मेमरी संपलेली आणि दुसऱ्याची अर्धी रिकामी, असं होऊ शकतं.

होस्ट आत्ताच गुदमरत असेल तर

चालू बॅकअप थांबवा आणि नवी व्हीएम सुरू करू नका. झेडएफएस असेल तर एआरसीची मर्यादा चालू अवस्थेतच खाली आणा. मग सगळ्यात कमी महत्त्वाची व्हीएम गेस्टमार्फत नीट बंद करा. ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) साधारणपणे सर्वाधिक मेमरी धरून बसलेली प्रोसेस निवडतो, आणि व्हीएम होस्टवर ती नेमकी तुमची सगळ्यात मोठी, बहुधा सगळ्यात महत्त्वाची व्हीएम असते. तिच्या ‘ओओएम_स्कोर_अॅडज’मध्ये उणे ५०० सारखा आकडा लिहिला तर तिच्यावर पाळी येण्याची शक्यता घटते. व्हीएम बंद करून परत सुरू केली की प्रोसेस नवी, त्यामुळे हे पुन्हा लिहावं लागतं.

‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये ३ लिहिण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. निदानासाठी एकदा वापरायला हरकत नाही, पण रोजच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) घालू नका. रिकामा केलेला कॅशे डिस्कवरून पुन्हा भरावा लागतो आणि त्या वेळात सगळ्याच व्हीएम मंदावतात. स्वॅप रिकामा करण्यासाठी ‘स्वॅपऑफ’ द्यायचं तर स्वॅपमध्ये जेवढं आहे त्याहून ‘अव्हेलेबल’ बराच जास्त आहे याची आधी खात्री करा. आणि स्वॅप झेडएफएसच्या व्हॉल्यूमवर ठेवला असेल तर तो साध्या पार्टिशनवर हलवा. मेमरीचा ताण असताना झेडएफएसला लिहिण्यासाठीच मेमरी लागते आणि होस्ट गोठू शकतो.

बदलानंतर

एका वेळी एकच बदल करा. ‘मेमइन्फो’, प्रत्येक व्हीएमचा आरएसएस, एआरसीचा ‘साइझ’ आणि ‘प्रेशर’ फाइल हे चारही दर पाच मिनिटांनी तारखेसह एका फाइलमध्ये जमा करणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये टाका. आठवडाभराच्या नोंदीत बॅकअपची रात्र आणि सगळ्या व्हीएम एकदम सुरू होण्याची वेळ यायला हवी. त्या दोन वेळांना ‘अव्हेलेबल’ किती खाली गेला, तेवढ्यावरून होस्टवर आणखी एक व्हीएम बसेल की नाही ते ठरवा, आणि नवी रॅम घ्यायचीच ठरली तर किती घ्यायची तेही.